भिकूच्या राबातल्या काळ्या गोळ्या

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. पर त्येची हकिगत सांगायची म्हनली तर येकदा नाव घ्यायाच लागंल. भिकू. घेतलं, बास झालं. हितनं पुढं मी नुसतं म्हातारं म्हननार. उभ्या मुळशीत ह्याच्याइतकं खडूस मानूस तुमाला घावायचं न्हाई. आनि त्येच्यासंगं मी सगळा जलम काढला, म्हंजी ही रंभाबाईबी काय साधी नसनार, ह्ये तुमी आदीच धरून चाला.

त्येचं भांडान कुनासंगं झालं न्हाई त्ये इचारा. कासारसाईचं धरन झालं तवा सायबासंगं भांडलं. तिकडं लवासाच्या डोंगरात जमिनी गेल्या आनि हिकडंबी दलाल फिराया लागलं, तवा त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. कुत्रं आमचं, चावलं मातुर मला. शेजारच्या दादासाहेबानं बांधाला तार मारली, तर म्हातारं रोज आपलं वलं धोतार त्या तारंवर वाळत घालून यायचं. मुद्दाम. घरापुढं दोरी असताना. ह्यो दादासाहेब लोकांच्या जमिनी इकून देतो, गावच्या सबंत पुढं बसतो, आनि आमचं रान त्येच्या डोळ्यात लई वर्सं खुपतंय.

येका गोष्टीत मातुर सारं गाव म्हाताऱ्याला मानायचं. भाताचं रोप.

आमच्याकडं रोप टाकायच्या आदी राब भाजत्यात. उन्हाळ्यात रानाच्या येका तुकड्यावर शेन पसरायचं, त्यावर झाडाची टहाळं, त्यावर पालापाचोळा, वरनं बारीक माती, आनि मंग वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. भडका होऊ द्यायचा न्हाई, नुसतं धुमसत ठिवायचं. त्या आगीत तनाचं बी जळून जातंय, खाली राख ऱ्हाती, आनि त्या राखंत भात पेरायचं. सांगाया सोपं हाय. पर कुनाचा राब जास्ती जळतो, कुनाचा कच्चा ऱ्हातो. म्हाताऱ्याचा कवा चुकला न्हाई. राख चिमटीत धरायचं, चोळायचं, जिभंला लावायचं आनि म्हनायचं, "झाली." मी म्हनायची, अवं, भाकरीला मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेता आनि राख चाटून खाता व्हय? तर म्हनायचं, राख खोटं बोलत न्हाई, तुजी भाकर बोलती.

आळीतल्या बाकीच्यांनी राब कवाच सोडला. पोरं हिंजवडीला कामाला, म्हातारी खोल्यांचं भाडं खाऊन बसलेली, राब भाजायचा कुनी? पर भात तर खायाला पायजे, आनि त्योबी आंबेमोहोर पायजे. मंग रोप कुटनं न्यायचं? म्हाताऱ्याकडनं. रोप इकायचं नसतंय आमच्यात. रोप द्यायचं, आनि घेनाऱ्यानं आपल्या लावनीला हात लावाया यायचं. त्या चार दिसात आमच्या बांधावर मानसांची जत्रा भरायची, आनि म्हातारं मदी हुबं ऱ्हाऊन सगळ्यांना शिव्या द्यायचं. शिव्या खाऊनबी लोक यायचे. येवढाच त्येचा मान, आनि येवढाच त्येचा जीव.

आता आमच्या सुनंचं ऐका.

इंद्रजित आमचा ल्योक. त्येनं भुकुमची साधना करून आनली. रसायनाचं शिकलेली, कुटल्याशा प्रयोगशाळंत काम केलेली. लग्नानंतर पयल्याच म्हैन्यात तिनं मला सांगितलं, "आई, डाळीत तुम्ही सोडा घालता तो घालू नका." माज्या घरात, माज्या चुलीपुढं! तवाच मी वळखलं, घरात येक तोफ व्हती, आता दोन झाल्या.

दोनचार वर्सांनी तिनं आमची बंद पडलेली कोंबड्यांची शेड मागितली. इंद्रजितच्या नावावर व्हती म्हनून मिळाली, न्हाईतर म्हाताऱ्यानं पत्रा काढून न्हेला असता. तितं तिनं भट्टी घातली. प्लास्टिकची. धरनावर लोक येत्यात, पिऊन खाऊन जात्यात, त्यांची वेफरची पुडकी, पिशव्या, बाटल्या. हाटेलांचा कचरा, आळीतला कचरा, सगळं टेंपोनं आमच्या दारात. लोकांच्या दारात तुळस आस्ती, माज्या दारात दुधाच्या पिशव्यांचा डोंगर.

तिला समजावून सांगायची लई हौस. मला म्हनली, अनारशाला कशी जाळी पडती, तशी जाळी असलेल्या गोळ्या येत्यात, फकस्त ती जाळी इतकी बारीक की डोळ्याला दिसायची न्हाई. प्लास्टिक हवा न लागू देता तापवलं की त्येची वाफ व्हती. ती वाफ ह्या गोळ्यांमदनं न्यायची. वाफंतल्या लांबलचक साखळ्या जाळीत शिरत्यात, तितं तुटत्यात, आनि भाईर पातळ तेल येतंय. गोळ्या न्हाई घातल्या तर नुसतं मेन. त्ये तेल कंपनी न्हेती आनि त्येचं परत प्लास्टिक करती. म्या म्हनलं, "म्हंजी येवढा खटाटोप करून परत प्लास्टिकच?" तर माज्याकडं अशी बघितली, जशी काय मीच रस्त्यावर पिशव्या फेकत फिरती.

मला त्यो कारखाना आवडला न्हाई. आजबी आवडत न्हाई. झाकन काडलं की घासलेट सांडल्यागत वास सुटतो, धुनं वाळत घालायची सोय न्हाई. पर येक कबूल करती, वढ्याला पिशव्या दिसायच्या बंद झाल्या. ह्ये मी तिला कवा सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती.

म्हातारं आनि ती येकामेकाशी बोलायची न्हाईत. बोलायचं त्ये माज्यामार्फत. तिघं बी येकाच सोप्यात बसलेली, तरीबी.

"रंभे, तुज्या सुनंला इचार, येवढी भट्टी पेटवतीया, राख कुटं जाती?"

"आई, त्यांना सांगा, आमच्या भट्टीला राख नसते."

"तिला म्हनावं, राख न्हाई तर ती आग कसली? आग लावली की राख पायजेच. राख मातीची. कुटं लपवती, त्ये इचार."

"आई, मला काम आहे."

मी मदी बसून तांदूळ निवडायची. टपाल तरी बरं, त्येला कुनी दोन्हीकडनं शिव्या घालत न्हाई.

त्या गोळ्या पांढऱ्या येत्यात, नव्या जुंधळ्यावानी. वापरून वापरून जाळीत काजळी बसती, मंग त्या हवेवर तापवून काजळी जाळायची, की पुन्यांदा कामाला तयार. पर प्लास्टिकात पायपाचा तुकडा न्हाईतर रेग्झिनचं कापड गेलं, तर आंबट वाफ सुटती आनि गोळ्या कायमच्या बाद व्हत्यात. तसंच झालं येकदा. कुनीतरी वजन वाढवाया गोनीत पायपाचं तुकडं कोंबलं. भट्टीतल्या सगळ्या गोळ्या मेल्या. साधना त्या दिशी भट्टीपुढं हुबं ऱ्हाऊन अशी काय बोलली, की म्हाताऱ्यानंबी कान टवकारलं. शिव्या चांगल्या देती, म्हनलं. सुनंचं त्येवढंच कौतुक त्येच्या तोंडून मी ऐकलं.

त्या मेलेल्या काळ्या गोळ्या तिनं खताच्या जुन्या गोन्यांत भरल्या, शेडच्या मागं पत्र्याखाली रचल्या. घातक कचरा न्हेनारी गाडी येती, ती न्हेनार व्हती. आनि वर पाटी लावली, ठसठशीत: हात लावू नये.

आता मला सांगा, आमच्या म्हाताऱ्यापुढं कुनी असली पाटी लावावी का?

त्या साली राबाची लई वढाताण झाली. येक म्हस उरलेली, तिचं शेन त्ये किती? टहाळं तोडाया जंगलात गेलं की फारेस्टचा मानूस हुबा. आदी म्हसू धनगराच्या मेंढ्या रानात बसायच्या, लेंडीखत मिळायचं. आता सगळीकडं प्लाटाच्या भिंती, म्हसूनं वाट बदलली. म्हातारं रोज राबाच्या जागंवर जायाचं, कमरंवर हात ठिवून बघायचं आनि परत यायचं. म्या म्हनलं, औंदा आपल्यापुरतंच रोप टाका, बाकीच्यांना सांगा, न्हाई म्हनून. तर असं अंगावर आलं! "न्हाई म्हनू? म्या? त्यापरीस मला सरनावर न्हेऊन ठिव."

राब भाजला. पातळ झाला. दिसतच व्हतं, जागोजागी उघडी माती. मंग येक दिस सकाळच्या पारी साधना भुकुमला म्हायेरी गेलेली, आनि म्हातारं खांद्यावर गोनी घिऊन रानाकडं निघालेलं म्या बघितलं. वरनं युरियाचं नाव. मला वाटलं, कुटनं तरी खत आनलं. चार खेपा केल्या असतील. राबावर पसरून, दाताळ्यानं वढून त्येनं पार राखंत मिसळून टाकलं. संध्याकाळी लई खुशीत व्हतं. मला म्हनलं, च्या कर, गूळ जास्ती घाल.

पेरनी झाली, पाऊस झाला, आळीतल्या बाया इचाराया लागल्या, "आत्याबाई, रोप कवा न्ह्याचं?" आनि रोप उगवंना.

म्हंजी कडंकडंनं उगवलं. मदी मातुर कायच न्हाई. जे हातभर जागंत आलं त्ये चारसा दिसांत पिवळं पडलं, शेंडं करपलं, आनि बसलं. म्हातारं सकाळ संध्याकाळ तितं उकिडवं बसून ऱ्हायाचं. येकदा मी गेले तर येक रोप उपटून त्येचं मूळ बघत व्हतं. मूळ न्हवतंच, नुसता काळा दोरा. "काय झालं वं?" म्हनलं. त्येनं रोप परत मातीत खवलं. आमच्या लग्नापासनं पयल्यांदा मी इचारलं आनि त्यानं शिवी दिली न्हाई.

ही गोष्ट दादासाहेबाला कळाया किती येळ लागतोय? गिधाडाला आवतान द्यावं लागत न्हाई. दुसऱ्याच दिशी आळीत बोभाटा: साधनाच्या भट्टीच्या धुरानं भिकूआबाचं रोप जळालं. शेजारची अनसूया, जिला मी बाळंतपनात न्हाऊ घातली, ती दारात येऊन मला सांगून गेली, "तुमच्या सुनंनं आमच्या तोंडातला घास काडला." धा घरांचं रोप गेलं व्हतं, राग येनारच. कारखाना बंद करायचा म्हनून गावची सबा बोलावली. आनि सगळ्यात मोठ्यानं कोन वरडत व्हतं? आमचंच म्हातारं. "मी पयल्या दिसापासनं सांगत व्हतो! घान हाय ती घान!" त्येला खरंच तसं वाटत व्हतं. ह्ये मी शपथंवर सांगती. तवर त्येला खरंच वाटत व्हतं की धुरानंच मेलं.

सबंच्या आदल्या दिशी दुपारी साधना रानात गेली. कुनाला न इचारता राबाच्या जागंत हात घातला, मूठभर माती आनली, सयपाकघरात आली आनि जेवत्या म्हाताऱ्याच्या ताटाशेजारी ती मूठ उघडली. मातीत काळ्या गोळ्या. फुगलेल्या, वल्या.

"आबा, हे काय आहे?"

लग्न झाल्यापासनं पयल्यांदा ती त्येच्याशी थेट बोलली. माज्या हातातलं उलथनं तसंच ऱ्हायलं.

"राख," म्हातारं म्हनलं. घास चावत.

"ही राख नाहीये. गोणीवर पाटी होती."

"माज्या रानात मला हात लावू नये म्हनून पाटी लावती व्हय? कोन तू? आगीतनं जे निघतंय ती राख. तू तोंडानं न्हाई म्हन, न्हाईतर पाटी लाव. म्या चाटून बघितली. जिभंला चिमटा बसला. म्हनलं, जोर हाय."

"चिमटा बसला कारण त्यात अॅसिड होतं! त्या जाळीत नुसतं अॅसिड भरलंय आबा, पाणी पडलं की ते बाहेर येतं. रोप धुराने नाही मेलं. ह्याने मेलं. तुम्ही टाकलं म्हणून मेलं."

म्हाताऱ्यानं ताटातला हात काडला. त्या गोळ्यांकडं बघितलं. येक उचलली, चिमटीत धरली, चोळली. फुटली न्हाई. राख असती तर फुटली असती, आनि त्ये त्येला माज्यापरीस, तिच्यापरीस जास्ती कळत व्हतं. तोंड असं झालं त्येचं, की मी दुसरीकडं बघितलं.

"उद्या सभेत तुम्ही हे सांगायचं," ती म्हनली.

"तूच सांग की. लई जीभ हाय तुला." आनि उटून गेलं. ताट तसंच.

मी तिच्या मागं शेडपातुर पळाले. लाज सोडली आनि हात जोडले. म्हनलं, "बाये, नगं सांगू. त्या रोपाशिवाय त्येला गावात काय न्हाई. न्हाई शिक्षान, न्हाई पैका, न्हाई गोड बोलनं. येक नाव हाय, त्येबी गेलं तर त्यो मानूस जगायचा न्हाई."

तिनं माजे हात खाली घेतले आनि म्हनली, "मी नाही सांगणार, आई. माझ्या तोंडून त्यांची चोरी गावाला कळणार नाही. पण उद्या हे माहीत असताना जर त्यांनी माझ्याविरुद्ध हात वर केला, तर मी आणि इंद्रजित ह्या घरात राहणार नाही. एवढं त्यांना सांगा. नेहमीसारखं तुमच्यामार्फत."

म्या सांगितलं. म्हातारं ओटीवर भिताडाकडं तोंड करून पडलेलं. सगळं ऐकलं आनि घोंगडी डोक्यावर वढली. मला असा राग आला, असा राग आला, की वाटलं पानी वतावं अंगावर. येका बाजूला त्येचं नाव, येका बाजूला भरलं घर, आनि ही दोघं माज्या डोक्यावर बसून हटून बसलेली. इंद्रजितला म्हनलं, तू तरी काय बोल. त्यो म्हनला, "आई, माझा कॉल आहे." तुजा काल झाला म्हनलं मेल्या, आता आज काय व्हतंय त्ये बघ.

दुसऱ्या दिशी देवळापुढच्या मांडवात सबा भरली. कवा न येनारी मानसं आलेली. तमाशा असला की आमच्या गावाला सवड आस्ती. दादासाहेबानं चांगलं पांढरंधोप घातलेलं. उटला आनि म्हनला, "आपल्या भिकूआबाचं रोप, ज्या रोपावर सारी आळी जेवते, ते ह्या विषारी धुरानं गेलं. हा कारखाना बंद झाला पाहिजे, ह्यात दुमत नसावं." टाळ्या. मंग साधनाकडं वळला, "तुमचं काय म्हणणं?"

ती उटली. सगळे तिच्याकडं बघाया लागले, मी देवाकडं. ती म्हनली, "भट्टी बंदिस्त आहे. धूर रोपापर्यंत जात नाही. रोप कशाने गेलं, त्यावर मला काही बोलायचं नाही." आनि खाली बसली. लोकांनी हुर्यो केली. कुनी म्हनलं, चोराच्या उलट्या बोंबा. अनसूयानं बोटं मोडली. ती पोरगी तोंडावर रेघ हालू न देता बसली. तवा पयल्यांदा मला वाटलं, उटून येकेकाच्या कानफटात द्यावी.

"मग घेऊ या ठराव," दादासाहेब म्हनला. "पण आधी आबांनी दोन शब्द बोलावेत. नुकसान त्यांचं झालंय."

म्हातारं उटलं. तंबाखू थुंकून आलं, टोपी नीट केली.

"रोप धुरानं न्हाई मेलं," म्हनलं. "म्या मारलं."

मागं बसलेले पुढं सरकले.

"हिच्या शेडमागं काळ्या गोळ्या व्हत्या. हात लावू नये म्हनून पाटी व्हती. मला वाचाया येतंय. तरीबी म्या उचलल्या, ती घरी न्हाई बघून. मला वाटलं राख हाय. राख न्हवती. राब भाजता भाजता म्हातारा झालो आनि राख वळखाया चुकलो. तुमा समद्यांचं रोप म्या मारलं. हिनं न्हाई."

मागं कुनीतरी फिदीफिदी हासलं. मंग दुसरं हासलं. "आबा, राख चाटून बघितली न्हवती का?" कुनीतरी वरडलं, आनि सारा मांडव हासाया लागला. ज्या मानसाच्या शिव्या लोकांनी मान खाली घालून खाल्ल्या, त्येला लोक हासत व्हते. म्हातारं तसंच हुबं. खाली बसलं न्हाई, कुनाला शिवी दिली न्हाई. मला रडू फुटलं, रागाचं.

दादासाहेबाचं तोंड बघन्याजोगं झालं. तरी गडी पक्का. म्हनला, "म्हणजे आबा, कारखाना चालू ठेवा असं तुमचं म्हणणं?"

"तसं म्या कवा म्हनलं?" म्हातारं म्हनलं. "बंद करा."

"आता का?"

"म्हसरू शेन टाकतंय, माती खाती. चूल राख टाकती, माती खाती. मानूस मेला तर त्योबी माती खाती. हिच्या भट्टीतनं जे उरतंय त्ये मातीला चालत न्हाई, त्ये गोनीत भरून दुसऱ्याच्या गावाला धाडाया लागतंय. माज्या रानात असली आग नको. रोप म्या मारलं, ती चूक माजी. भट्टी नको, ह्ये बी माजंच." आनि हात वर केला.

साधना ताडकन उटली. "आणि आबा, गावातलं प्लास्टिक? ते माती खाते? इतकी वर्षं ओढ्यात पडलं होतं ते कुणाच्या मातीने खाल्लं? माझ्या चार गोण्या तुम्हाला दिसतात, आणि गावाचा डोंगर दिसत नाही?"

"दिसतोय," म्हातारं म्हनलं. "त्याचंबी मला उत्तर ठावं न्हाई. हात मातुर खाली घेनार न्हाई."

दादासाहेबानं सगळ्यांकडं बघितलं. पर आता कुनाला कशाचं काय पडलं व्हतं? रोप धुरानं गेलं नसंल तर भट्टी ऱ्हायली काय आनि गेली काय. आनि कचरा कुनाच्या दारात ठिवायचा, त्योबी सवाल व्हताच. लोक चुळबुळ करत उटाया लागले. अनसूया पदर झटकून गेली. सगळ्या मांडवात येकच हात वर व्हता, वाळक्या लाकडावानी. ठराव पडला.

घरी येताना म्हातारं पुढं, मी मागं. माजा तोल सुटला. "खरं बोललात त्ये बोललात, नाव घालवलंत, त्येबी म्या सोसलं. पर मंग हात कशाला वर केलात? तिनं सांगून ठिवलं व्हतं ना! घर मोडलंत की वं!"

त्यो थांबला न्हाई. चालता चालता म्हनला, "रंभे, खरं बोलायचं ठरवलं की सगळंच बोलाया लागतंय. आपल्या सोयीचं तेवढंच खरं बोलाया मी दादासाहेब हाय का?"

मी पदर खवला आनि रागानं त्येच्या पुढं चालाया लागले.

साधना आनि इंद्रजित आठवड्याच्या आत भुकुमला खोली करून गेली. ती शब्दाची पक्की हाय, ह्ये म्या आदीच सांगाया पायजे व्हतं. सामान भरताना माज्या पाया पडली, म्हाताऱ्याच्या न्हाई. आजबी रोज सकाळी स्कुटीवर शेडात येती, भट्टी लावती, सांजंला जाती. माज्याकडं च्या घेती. ओटी वलांडत न्हाई. माजी चूल आता दोन मानसांची. भात सवयीनं जास्तीच टाकती मी, आनि उरला की म्हशीला घालती.

गेल्यावर पंधराएक दिसांनी ती पयल्यांदा रानात उतरली. तोंडाला फडकं, हातात मोजे, संगं जाड पिशव्या. मला म्हनली, "आई, त्यांना सांगा, ही माती काढावी लागेल. पाऊस वाढला की ॲसिड झिरपून विहिरीत जाईल. गाडी येणारे, गोळ्यांबरोबर मातीही न्यायला लावते."

आमच्या सासऱ्यानं त्याच तुकड्यावर राब भाजला, त्येच्या बापानंबी त्याच तुकड्यावर. राबाची जागा बदलायची नसती. मी सांगाया म्हाताऱ्याकडं वळले, तर त्ये बांधावर हुबंच व्हतं, सगळं ऐकलेलं. म्या म्हनलं, आता व्हतंय महाभारत. म्हातारं घरात गेलं, फावडं घिऊन आलं, आनि तिच्या हातातली पिशवी बघून म्हनलं, "धर."

तिनं पिशवीचं तोंड धरलं. म्हाताऱ्यानं फावडं मारलं. येक पिशवी भरली, दुसरी भरली. दोघं येकामेकाकडं बघतबी न्हवती. मी बांधावर बसून बघत व्हते. गोळ्या दिसायच्या बंद झाल्या तसं म्हातारं थांबलं, घाम पुसला, आनि माज्याकडं न बघता, थेट तिला इचारलं, "खाली कुटवर जायाचं?"

ती वाकली, मातीत हात घातला, चोळून बघितली. "काळी संपेपर्यंत," म्हनली.

त्या तुकड्यातली माती ढोपरभर खालपातुर काळीच हाय. तीन पिढ्यांची राख हाय ती, गोळ्यांचा त्यात काय संबंद न्हाई. मला ठावं व्हतं, त्येला ठावं व्हतं. तिला ठावं न्हवतं, आनि त्येनं तिला सांगितलं न्हाई. म्हातारं वाकलं आनि परत फावडं मारलं.